ध्रुवीय अस्वलाचा चरबीचा हिशोब

ध्रुवीय अस्वलाला थंडीपेक्षा उकाड्याचा त्रास जास्त होतो. उणे तीस अंशांत, वारा अंगावर घेत ते बर्फात खुशाल झोपतं. पण जरा वेळ पळायला लागलं की अंगातली उष्णता बाहेर टाकता टाकता त्याची पुरेवाट होते. म्हणून ते सहसा पळतच नाही. ताशी पाच-सहा किलोमीटरच्या संथ चालीनं तासन्‌तास चालत राहतं.

या प्राण्याबद्दल बोलताना आपण थंडीपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकून पडतो. थंडीचा बंदोबस्त त्यानं केव्हाच करून ठेवलाय. कातडी काळी, तिच्याखाली चरबीचा थर (लठ्ठ अस्वलात तो काही ठिकाणी दहा सेंटिमीटरपर्यंत जातो), वर दाट लव आणि त्यावर लांब राठ केस. केसांना रंग नसतोच. ते पोकळ आणि पारदर्शक असतात, प्रकाश विखुरल्यामुळे आपल्याला पांढरे दिसतात. १९७९मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातली अस्वलं चक्क हिरवी पडली होती, कारण केसांच्या पोकळीत शेवाळ वाढलं होतं.

याच पोकळ केसांवरून एक फार देखणी कल्पना पुढे आली. १९७०च्या दशकात कॅनडात बर्फावरचे प्राणी विमानातून मोजण्याचे प्रयोग चालू होते. तेव्हा अतिनील प्रकाशात काढलेल्या छायाचित्रांत पांढरीशुभ्र अस्वलं काळीकुट्ट दिसली. म्हणजे अतिनील किरण त्यांच्या केसांत शोषले जात होते. मग कुणीतरी म्हणालं, हे केस काचतंतूसारखे असणार, सूर्यप्रकाश पकडून थेट काळ्या कातडीपर्यंत नेत असणार. कल्पना इतकी आवडली की ती पाठ्यपुस्तकांत गेली, टीव्हीवर गेली आणि अजूनही फिरते आहे. १९९८मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट लॉरेन्स विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ डॅनिएल कून यांनी प्राणिसंग्रहालयातून केस मागवले आणि मोजून पाहिलं. केसाच्या एका टोकाला सोडलेल्या अतिनील प्रकाशातलं इंचभर अंतरावर जवळजवळ काहीच पोचत नाही. केस ज्या केराटिनचे बनलेत, ते केराटिनच तो प्रकाश गिळून टाकतं. मोजमाप साधंच होतं, पण ते करावंसं वाटायला बरीच वर्षं गेली.

मग खरा प्रश्न कुठला? पोटाचा. आणि त्याचं उत्तर जवळजवळ एकाच प्राण्यात आहे: सील.

रिंग्ड सील हा उत्तर ध्रुवाच्या समुद्रातला लहानसा सील, पन्नास-सत्तर किलोचा. हिवाळ्यात समुद्र गोठला की तो पंज्यांच्या नखांनी बर्फाला भोकं पाडून ती उघडी ठेवतो आणि श्वास घ्यायला आळीपाळीनं त्यांत येतो. अस्वल वासानं असं भोक हुडकतं आणि शेजारी बसतं. हलायचं नाही, पाय आपटायचा नाही. तास जातो, दोन तास जातात. सीलनं नाक वर काढलं की एका फटक्यात त्याला बाहेर ओढायचं. बहुतेक वेळा सील येत नाही, किंवा येऊन निसटतो. उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांचे शिकारीही भोकापाशी असेच बसत आले आहेत. मोकळ्या पाण्यात मात्र अस्वलाचं सीलपुढे काही चालत नाही. अस्वल पट्टीचं पोहणारं असलं तरी सील पाण्यातच घडलेला प्राणी आहे. म्हणून समुद्रावरचा बर्फ हे अस्वलाचं शिकारीचं हत्यार आहे असं मी म्हणेन. बर्फ नसेल तर सील समुद्रात असूनही अस्वलासाठी नसल्यासारखा.

सील हाती लागला की अस्वल आधी चरबी खातं. पोट भरलेलं असेल तर मांस तसंच टाकून पुढे जातं आणि मागे मागे येणाऱ्या आर्क्टिक कोल्ह्यांची चंगळ होते. यात माज नाही. चरबीत उष्मांक मांसाच्या कितीतरी पट, आणि अस्वलाच्या आतड्यात ती जवळजवळ सगळी पचते. शिवाय प्रथिनं पचवली की तयार होणारा युरिया लघवीवाटे टाकायला पाणी लागतं. ध्रुवावर गोडं पाणी मिळवायचं तर बर्फ खाऊन तो अंगातल्या उष्णतेनं वितळवावा लागतो. चरबी जाळताना उलट पाणी तयार होतं.

असा आहार माणसानं घेतला तर हृदयरोगतज्ज्ञ हात जोडेल. मग अस्वलाला काही का होत नाही? २०१४मध्ये ध्रुवीय आणि तपकिरी अस्वलांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांच्या वाटा साधारण साडेतीन ते पावणेपाच लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात, असा तिचा अंदाज. (बाकी अभ्यासांचे अंदाज यापेक्षा बरेच मागे-पुढे आहेत.) त्या काळात ध्रुवीय अस्वलात जी जनुकं झपाट्यानं बदलली, त्यांत हृदय-रक्तवाहिन्यांशी आणि चरबीच्या वाहतुकीशी संबंधित जनुकं ठळक होती. एपीओबी हे त्यांतलं एक. रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशींपर्यंत पोचवणाऱ्या प्रथिनाचं हे जनुक. रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, पण ते धमन्यांना बाधत नाही.

सगळं शरीर असं एका अन्नाभोवती बांधून घेणारं दुसरं अस्वल नाही. जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत आणि बहुतेकींचा खाक्या मिळेल ते खाण्याचा. मेळघाट-ताडोबातलं आपलं काळं अस्वल वरचे मधले दोन दात नसलेल्या फटीतून वाळवी ओढून घेतं, मोहाची फुलं खातं, बोरं खातं, मध खातं. तपकिरी अस्वल मुळं खणतं, सामन मासे धरतं, बेरी ओरपतं. पांडा बांबूवर गेला, पण तो शाकाहाराकडे. पूर्णपणे मांसावर, त्यातही चरबीवर गेलेलं हे एकटंच. आकारही त्याला साजेसा: नर साडेतीनशे ते सहाशे किलोचा. आपल्याकडचा मोठा वाघ दोन-सव्वादोनशे किलोचा असतो.

एवढं धूड चालवायला खर्च किती? अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे अँथनी पगानो आणि सहकाऱ्यांनी अलास्काच्या उत्तरेला, बोफर्ट समुद्रातल्या नऊ माद्यांच्या गळ्यात कॅमेरे बांधून तो मोजला. २०१८मध्ये निष्कर्ष आले. मादी दिवसाला सरासरी १२,३२५ किलोकॅलरी जाळत होती. आधी जो खर्च गृहीत धरला जायचा, त्याच्या १.६ पट. तो भागवायला दर दहा-बारा दिवसांनी एक मोठा रिंग्ड सील तरी मिळायला हवा. शिकारीला एरवी चांगल्या समजल्या जाणाऱ्या एप्रिल महिन्यात आठ ते अकरा दिवसांच्या पाहणीत नऊपैकी पाच माद्यांचं वजन घटलं.

खर्च रोजचा आणि कमाई हंगामी. वसंतात सीलची पिल्लं जन्मतात. ती गुबगुबीत असतात आणि शिकाऱ्याला ओळखतही नाहीत. एप्रिल ते जुलैच्या आसपासच्या या दिवसांत अस्वल वर्षभराच्या गरजेतला मोठा वाटा अंगावर चढवून घेतं. पुढे बर्फ फुटला की अंगावर साठवलेलंच बसून खायचं.

तपकिरी अस्वलाचा उपासाचा काळ वेगळा असतो. हिवाळ्यात ते ढोलीत शिरतं, हृदयाचे ठोके मंदावतात, युरियातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनांसाठी वापरला जातो, स्नायू फारसे झिजत नाहीत. ध्रुवीय अस्वल मात्र झोपत नाही. गरोदर मादी सोडली तर कुणीच गुहेत जात नाही. मग उन्हाळ्यात किनाऱ्यावर अडकलेलं अस्वल महिनोन्‌महिने कसं टिकतं? १९८०च्या दशकात एक तर्क मांडला गेला की ते चालता-बोलताही शीतनिद्रेत असावं, शरीर आतून मंद करून घेत असावं. तसं असतं तर बर्फ उशिरा आला तरी फार बिघडलं नसतं. जॉन व्हाइटमन आणि सहकाऱ्यांनी अस्वलांच्या शरीरात तापमान नोंदवणारी उपकरणं बसवली, हालचाली मोजल्या आणि २०१५मध्ये सांगितलं की असं काही होत नाही. उपाशी अस्वलाचं तापमान आणि हालचाल थोडी उतरते, कुठल्याही उपाशी सस्तन प्राण्याची उतरते तेवढीच. शीतनिद्रेची खोल बचत त्यात नाही. माझ्या मते या प्राण्याबद्दल गेल्या काही दशकांत कळलेली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बाकी हळहळीच्या चित्रफितींपेक्षा ती अधिक सांगते.

गरोदर मादीचं गणित तर आणखी कडक. मीलन वसंतात होतं, पण फलित बीज गर्भाशयात रुजत नाही, शरद ऋतूपर्यंत नुसतं थांबून राहतं. तोवर मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली तर गर्भ वाढतो, नाही तर तिथेच संपतो. हिवाळ्याच्या तोंडावर ती बर्फात गुहा खोदते. तिथे साधारण सहाशे ग्रॅम वजनाची, डोळे मिटलेली पिल्लं होतात, बहुधा दोन. दूध तीसेक टक्के चरबीचं. म्हशीच्या दुधात सात-आठ टक्के असते. मार्च-एप्रिलमध्ये ती त्यांना घेऊन बाहेर येते. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माद्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर आल्यापासून आठ आठ महिने न खाता काढतात, आणि त्यातच बाळंतपण आणि दूध पाजणं. उपासाबद्दल एम्परर पेंग्विनच्या नराचं नाव घेतात. अंड्यावर उभा राहून तोही चारेक महिने खात नाही. पण तो राहतो दुसऱ्या ध्रुवावर, भेटकार्डांवर ते दोघं शेजारी दिसले तरी.

आता उन्हाळा लांबला तर काय होतं हे या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापला आहे. हडसन उपसागरात बर्फाविनाचे दिवस १९८०च्या दशकाच्या तुलनेत तीनेक आठवड्यांनी वाढले. त्या पश्चिम किनाऱ्यावरची अस्वलं शास्त्रज्ञ विमानातून आणि खुणा करून मोजत आले आहेत: १९८७मध्ये सुमारे १,२००, २०१६मध्ये ८४२, २०२१मध्ये ६१८. अस्वलं अचानक मरून पडली असं झालं नाही. माद्या बारीक झाल्या, पिल्लं कमी झाली, झालेली जगेनात.

जमिनीवर काही खाऊन भागणार नाही का? हा प्रश्न बिनतोड वाटतो, कारण अस्वल बेरी खाताना, बदकांची अंडी फस्त करताना, समुद्रातलं गवत चघळताना दिसतं. पगानोंनी तोही तपासला. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हडसनच्या किनाऱ्यावरच्या वीस अस्वलांचे उन्हाळे टिपले होते. काही नुसती पडून राहिली, काहींनी दिवसभर अन्न शोधलं, काही लांबवर पोहली. एकानं १७५ किलोमीटर अंतर कापलं. वीसपैकी एकोणिसांचं वजन उतरलं, दिवसाला सरासरी एक किलोच्या आसपास. झोपून राहिलेल्यांचं आणि धडपडलेल्यांचं साधारण सारखंच. जमिनीवर जे मिळालं ते मिळवण्यात खर्च झालं. कवटीचाही अडसर आहे. तपकिरी अस्वलाची कवटी चिवट वनस्पती चावण्याचा ताण पेलते, ध्रुवीय अस्वलाची लांबट कवटी तेवढा पेलत नाही.

आणि जमिनीवर आधीचे मालक आहेत. अलास्कातल्या काक्टोविक गावाजवळ तिथले मूळ रहिवासी इन्युपिआत लोक व्हेलची शिकार करतात आणि हाडं-अवशेष एका जागी टाकतात. तिथे दोन्ही जातींची अस्वलं येतात. आकारानं लहान असूनही तपकिरी अस्वल आलं की बहुतेक ध्रुवीय अस्वलं बाजूला होतात. भांडणात हरतात म्हणून नाही, भांडतच नाहीत. जखम झाली तर सील कोण धरणार?

पोहण्याचंही तसंच. २००८मध्ये बोफर्ट समुद्रात एका मादीनं नऊ दिवस सलग पोहून ६८७ किलोमीटर कापले. बातम्यांत हा पराक्रम म्हणून आला. त्या प्रवासात आणि पुढच्या काही आठवड्यांत मिळून तिचं बावीस टक्के वजन गेलं आणि सोबतचं वर्षाचं पिल्लूही.

तरीही सगळ्या अस्वलांना एकच गोष्ट लागू करता येत नाही, आणि इथे आपल्या बातम्या फार घाई करतात. जगात अंदाजे २६ हजार ध्रुवीय अस्वलं आहेत, कॅनडा, अलास्का, रशिया, ग्रीनलँड आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर विभागलेली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती ‘असुरक्षित’ गटात आहेत. मधल्या काळात ती काही ठिकाणी वाढलीसुद्धा, कारण त्याआधी बेसुमार शिकार झाली होती. १९७३मध्ये पाच देशांनी ओस्लोत करार केला, शिकारीवर बंधनं आली, संख्या सावरली. ‘अस्वलं तर वाढलीत, मग बर्फाचं रडगाणं कशाला?’ असं म्हणणारे हा बंदुकीचा भाग विसरतात. दुसऱ्या बाजूनंही चुका झाल्या. २०१७मध्ये कॅनडाच्या सॉमरसेट बेटावरच्या हाडं निघालेल्या अस्वलाची चित्रफीत जगभर फिरली. त्याच्या अवस्थेला हवामानबदलच कारणीभूत असं ठामपणे सांगून आपण फार पुढे गेलो, अशी कबुली ती प्रसिद्ध करणाऱ्या मासिकाला पुढच्या वर्षी द्यावी लागली. ते अस्वल आजारी होतं, म्हातारं होतं की आणखी काही, हे कुणीच तपासलं नव्हतं.

स्वालबार्डचंच पाहा. तिथला बर्फ फार वेगानं ओसरतोय. पण नॉर्वेचे जॉन आर्स आणि सहकारी १९९०च्या दशकापासून जी मोजमापं घेत आहेत, त्यांत तिथली मोठी अस्वलं रोडावलेली दिसत नाहीत. रेनडिअरला तिथे १९२५पासून आणि वॉलरसला १९५२पासून संरक्षण मिळालं, त्यामुळे दोन्ही पुन्हा वाढले आणि अस्वलांना काही प्रमाणात खायला मिळतात. २०२०मध्ये होर्नसुंड फ्योर्डजवळच्या (फ्योर्ड म्हणजे जमिनीत आत घुसलेला समुद्राचा अरुंद फाटा) पोलिश संशोधन केंद्रातल्या लोकांनी एक मादी रेनडिअरला पाण्यात हाकलून, बुडवून मारताना चित्रितही केली. हे असं किती वर्षं पुरेल हा वेगळा मुद्दा. रेनडिअरच्या अंगावर सीलएवढी चरबी नसते.

याच स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंड वस्तीत भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे, जुलै २००८पासून. ते चालवते गोव्यातल्या वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर बंदूक आणि अस्वलाला घाबरवायची साधनं सोबत घ्यायची, हा तिथला रिवाज. घरांना कुलपं नसतात, कारण अस्वल दिसलं तर जवळचं कुठलंही दार उघडून आत शिरता आलं पाहिजे.

अस्वल आणि माणूस समोरासमोर येण्याचे प्रसंग वाढलेत, हे मात्र जवळपास सगळीकडे खरं. २०१९च्या फेब्रुवारीत रशियाच्या नोवाया झेमल्या बेटांवरच्या बेलुश्या गुबा वस्तीत पन्नासच्या वर अस्वलं शिरली, कचरा उपसू लागली, आणीबाणी जाहीर करावी लागली. कॅनडातल्या चर्चिल गावानं आपला मार्ग कधीच काढलाय. तिथे अस्वलांसाठी कोठडी आहे. गावात शिरलेलं अस्वल पकडून त्यात ठेवतात, पाणी देतात, खायला देत नाहीत, नाही तर ते चटावेल. हडसन उपसागर गोठला की सोडून देतात.

अस्वलाच्या यकृताबद्दल एक जुनी हकीकत इथे सांगायचा मोह आवरत नाही, कारण तीही चरबीच्याच साखळीतून आलेली. १५९६मध्ये डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स यांचं जहाज नोवाया झेमल्याजवळ बर्फात अडकलं. हिवाळा काढताना खलाशांनी अस्वलाचं यकृत शिजवून खाल्लं आणि सगळे आजारी पडले. तिघांच्या अंगाची डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलवटली. समुद्रातल्या अन्नसाखळीत जीवनसत्त्व ‘अ’ वर वर जमत जातं आणि शेवटच्या भक्षकाच्या यकृतात त्याचा साठा होतो. हे कारण १९४०च्या दशकात प्रयोगशाळेत कळलं. यकृत खायचं नाही, हे इन्युइटांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

आता राहिला संकराचा मुद्दा, कारण तपकिरी अस्वलाशी जुळवून घेऊन ही जात तगेल असं कधी कधी ऐकू येतं. २००६मध्ये कॅनडाच्या बँक्स बेटावर एका शिकाऱ्यानं मारलेलं अस्वल डीएनए तपासणीत खरोखर संकरित निघालं. पुढे आणखी काही सापडली. पण २०१७मध्ये आठ संकरित अस्वलांची कुळी जुळवली तेव्हा ती सगळी एकाच ध्रुवीय मादीची मुलं-नातवंडं निघाली. एका मादीच्या आवडीनिवडीवर जातीचं भवितव्य मांडता येत नाही.

जास्त विचार करायला लावतात ती आग्नेय ग्रीनलँडची अस्वलं. क्रिस्टिन लेड्र आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. काही शेच अस्वलं, एका बाजूला ग्रीनलँडचा हिमस्तर, दुसऱ्या बाजूला वेगवान सागरी प्रवाह. त्यामुळे शेकडो वर्षं बाकीच्यांपासून तुटलेली, जनुकांनीही वेगळी. त्यांच्या फ्योर्डांत समुद्र गोठलेला असतो तो फेब्रुवारी ते मेपर्यंत. वर्षाचे उरलेले आठ महिने ती हिमनद्यांमधून तुटून आलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फाच्या तुकड्यांवरून सीलची शिकार करतात. माद्या इतर ठिकाणच्यांपेक्षा लहान आहेत आणि पिल्लंही कमी होतात, पण त्या टिकून आहेत. बर्फ कुठून आला याच्याशी अस्वलाला देणंघेणं नाही. सीलजवळ पोचता येईल असा तो असला म्हणजे झालं. मात्र हिमनद्या थेट समुद्रात उतरतात आणि असा तुकड्यांचा बर्फ सतत भरत राहतो, असे किनारे मुख्यतः ग्रीनलँडमध्ये आणि काही स्वालबार्डमध्ये आहेत. हडसन उपसागराच्या काठावर असा एकही नाही.